अख्खी मासोळी मावेल असा फ्रिज

आरमोरी, १२ एप्रिल २०२५

पायल,

आशीर्वाद लिहू का नको, याच्यावर सकाळपासून अडून बसलो होतो. लिहिला असं समज.

मी बरा आहे. म्हणजे गुडघा सोडून. एक काम निघालं म्हणून लिहून राह्यलो, नाई तर तुले त्रास दिला नसता. मले दुसरा फ्रिज घ्याचा आहे. घरातला चालू आहे, काही बिघडला नाई. तरी दुसरा पाहिजे, अन् तो गॅरेजमध्ये ठेवाचा आहे. पिकअप विकली हे तुह्यासंग दवाखान्यात असलेल्या दिव्यानं तुले सांगतलंच असंल. तुही माय गेल्यावर मासोळ्या भरून वडश्याच्या बाजाराले जाण्यात मजा नाई राह्यली. आता गॅरेज रिकामं पडलं आहे. शटर वर केलं का डिझेलचा वास येते, बस्स.

भैयाजी म्हणते, मनसाराम, तुले उन्हानं झटका आला. टिनाच्या छपराखाली फ्रिज ठेवशीन तर तो थंड काय करंल, स्वतःच तापानं फणफणंल. या भैयाजीले काय जाते बोलाले? मासोळीवाल्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला तेव्हापासून साऱ्या गावाच्या घरात डोकं घालते. तुले लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं म्हणून मी त्याचं ऐकून घेतो.

तू नर्सबाई. तुह्या दवाखान्यात लसी ठेवाचे फ्रिज असते. कोणता टिकते, कोणता लाईट गेल्यावर गारवा धरून ठेवते, ते तुले समजते. दोन ओळी लिहून दिव्याजवळ दे. पंधरा दिवसानं ती घरी येतेच. तिच्याच हातानं हे पत्र भामरागडले पाठवून राह्यलो. फोन नको करू. करणारही नाई तू, ठाऊक आहे मले.

दिव्यानंच सांगतलं का तुले सहावा महिना आहे. मी विचारलं नव्हतं. ती सांगत होती अन् मी ऐकत होतो.

तलाव उतरला आहे. अक्षय तृतीया झाली का जाळं पडंल.

तुहा बाप,
मनसाराम


आरमोरी, २४ एप्रिल

पायल,

उत्तर नाई आलं. दिव्या म्हणे, पत्र पायलनं वाचलं, घडी केली अन् पर्समध्ये ठेवलं. फाडलं नाई, हे तिनं दोनदा सांगतलं. मले तेवढ्यानं चार दिवस बरं गेलं.

मी अन् भैयाजी वडश्याले जाऊन आलो. दुकान मोठं आहे. फ्रिज असे रांगेनं उभे, लग्नातल्या वऱ्हाडासारखे. कोणाच्या अंगावर फुलं, कोणाच्या अंगावर मोराचे पिसं. एक पोरगी दाखवाले आली. दीपिका नाव तिचं, छातीवर पाटी होती. बोलणं गोड. म्हणे, "काका, घरी मेंबर किती?"

मी म्हटलं, "एक."

"मंग तुमाले हा छोटावाला बस्स होते."

"घरी एक आहे."

"घरी फ्रिज आहे? अन् मेंबर एक? मंग दुसरा कशाले काका?"

भैयाजी मेला हसून राह्यला होता. मी पिशवीतून बांबूची कमची काढली. घरून मापून कापून नेली होती, सव्वा हात. एकेका फ्रिजचा वरचा बर्फाचा डब्बा उघडून आत घालून पाह्यली. एकाही डब्ब्यात सरळ बसंना. दुकानातले दोन गिऱ्हाईक आपला टीव्ही पाहणं सोडून माह्याकडे पाहून राह्यले होते. दीपिका म्हणे, "तिरपं ठेवा ना काका." मी तिरपं ठेवलं. दरवाजा लागंना.

"मासोळीच ठेवाची आहे ना? कापून ठेवा. पीस करून सारे ठेवते."

"कापता येत नाई," मी म्हटलं.

"काऊन?"

मी बाहेर येऊन चहा प्यालो. लेकीच्या वाट्याची मासोळी बाप कापत नाई, लेकच आपल्या हातानं कापते, हे आपल्या तलावाचं चलन त्या पोरीले कुठून ठाऊक असणार?

लिहून गेलो. आता खोडत नाई.

हाव, यंदा मी तुहा वाटा मागणार आहे. तीन वर्षाआधी तलावाच्या पाळीवर, बांधावर, साऱ्यासमोर मी काय बोललो ते तुह्या कानावर आलंच होतं. आमच्याकडे जाळ्यातली पहिली ओढ लेकीची. तिचा ढीग वेगळा लावते अन् ज्याच्या घरची लेक सासरी आहे, त्या बापानं पुढं होऊन लेकीचं नाव घ्यायचं, एक अख्खी मासोळी उचलाची. त्या वर्षी माही पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माह्या घरी लेक नाई. पुढचं घर घ्या." तू बिरजूसंग लग्न करून दोन महिने झाले होते. जातीबाहेरचा, तिकडं जंगलातला माडिया पोरगा. मले डोळ्यासमोर तेवढंच दिसे.

घरच्या फ्रिजमध्ये जागा नाई. वरचा डब्बा तुह्या मायनं काय काय कोंबून गच्च भरून ठेवला आहे. ती गेली तेव्हापासून मी तो उघडला नाई. खालच्या भागात दूध ठेवतो, मिरच्या ठेवतो. वर हात लावत नाई. तिचं आहे ते.

पहिलं बाळंतपण माहेरी असते. मी ये म्हणत नाई. रिवाज सांगून राह्यलो.

बाप


आरमोरी, ५ मे

पायल,

अक्षर लागलं नाई तर दिव्याकडून वाचून घेजो. नाई, नको. तूच वाच.

परवा जाळं पडलं. सकाळी सातलेच सारी माणसं पाळीवर. पाणी मांडीइतकं. पहिली ओढ आली ती भरून आली बाप्पा, रोहू, कतला, मरळ, नुसती तडफड. भैयाजीनं लेकीचा ढीग वेगळा करून पळसाच्या पानावर लावला. मंग एकेक घर हाकारलं. मी रात्रीपासून एकच वाक्य पाठ करून राह्यलो होतो. माह्या घराचं नाव आलं. मी पुढं झालो अन् ढिगाकडंच पाहत राह्यलो. भैयाजी म्हणे, "बोल ना रे."

मी म्हटलं, "माही लेक पायल. भामरागडले दिली आहे. तिचा वाटा द्या."

दिली आहे, असंच म्हटलं मी. तू आपल्या मनानं गेली होती, पण तोंडातून हेच निघालं.

मले वाटलं होतं लोकं हसतील नाई तर टोमणे मारतील. कोणी हसलं नाई. सारे खाली पाहून राह्यले. सोमारी, आपल्या बाजूची मासोळ्या विकणारी, ती तर पदर तोंडाले लावून पाळीखाली उतरून गेली. मी भैयाजीले विचारलं, "काय झालं? देत नाई का?"

भैयाजी म्हणे, "देतो ना. दरवर्षी देतोच ना आम्ही."

"कोणाले?"

"गोकुळाबाईले."

मनसारामच्या घरचा वाटा तीन वर्षे जात होता, अन् मनसारामलेच ठाऊक नाई! मी पिकअपमध्ये माल भरून वडश्याकडं निघालो का तुही माय गोकुळाबाई पाळीवर जाये. बायका ढिगाजवळ जात नाईत आपल्यात, बापानंच मागाचं असते. ती गेली. तुहं नाव घेतलं, पदरात मासोळी घेतली, मागच्या वाटेनं घरी आली. सारं गाव मले वर्षानुवर्ष तोंडावर रामराम करत होतं अन् कोणी ब्र काढला नाई. तिनं साऱ्याइले शपथ घातली होती म्हणे. सोमारी म्हणे, "भाऊ, बाईले तुमची भीती नव्हती. तुमाले खाली पाहाले लागू नये म्हणून ती लपे."

घरी आलो. हात धुतले. फ्रिजचा वरचा डब्बा उघडला.

तीन होत्या. तिच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या, वरून लाल दोरा. डब्बा लहान म्हणून वाकवून बसवल्या होत्या, बर्फात घट्ट. एकही कापली नव्हती. मी डब्ब्यासमोर खाली बसलो अन् रडलो, पायल. दरवाजा उघडाच राह्यला, फ्रिज घरघर करत होता, अन् मी म्हातारा माणूस स्वयंपाकघरात एकटाच मोठ्यानं रडत होतो. ऐकाले कोणी नव्हतं म्हणून मनसोक्त रडलो.

यंदाची तुही मासोळी कतला आहे. कमचीपेक्षा वीतभर लांब. सोमारीच्या पेटीत बर्फावर ठेवली आहे. ती म्हणते, भाऊ, दोन दिवस सांभाळीन, मंग काय ते पाहा.

बाप


आरमोरी, १६ मे

पायल,

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रिज आणला. उभा नाई, आडवा. डीप फ्रीजर म्हणते त्याले, वरून झाकण उघडाचा, आइस्क्रीमवाल्याजवळ असते तसा. दीपिकानं माही कमची नीट ध्यानात ठेवली होती. दुकानात पाय ठेवला तशी म्हणे, "काका, तुमच्या काडीचं काम झालं, या इकडं." मी म्हटलं, मासोळी वीतभर वाढली आहे. ती म्हणे, यात तुम्ही झोपले तरी मावता. पोट्टी चाबरी आहे. मले आवडली. तुह्यासारखीच उलटून बोलते.

भैयाजीच्या ट्रॅक्टरवर टाकून आणला. गॅरेजमध्ये भिंतीपासून हातभर लांब ठेवला, छपरावर धानाची तणीस टाकली, वर पाणी मारतो दोन वेळा. भैयाजीनं स्टॅबिलायझर बसवून दिला अन् मंग म्हणे, लाईट गेली तरी झाकण उघडलं नाई तर दिवसभर गारवा राह्यते. तुहं उत्तर आलं असतं तर हे सारं मी तुह्या सांगण्यानं केलं असतं.

एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये एकच कतला आहे. मायनं ठेवलेल्या तिन्ही मी जागच्या हलवल्या नाई.

आता दुसरी गोष्ट. ही लिहिली नाई तर बाकीची सारी पत्रं खोटी होतात.

तुही माय चार दिवस तापानं पडली होती. तिसऱ्या दिवशी तिनं मले म्हटलं, "पायलले फोन लावा." मी म्हटलं, लावतो. फोन घेऊन गॅरेजमध्ये गेलो, पिकअपमध्ये बसलो. तुहा नंबर काढला. लावला नाई. थोडा वेळ बसून राह्यलो अन् घरात येऊन म्हटलं, "लागून नाई राह्यला. तिकडं पूर आहे, टॉवर बंद असंल." तिनं संध्याकाळी परत म्हटलं. मी परत गेलो, परत तसाच आलो. चौथ्या दिवशी तिले बोलवत नव्हतं, तिनं कानाजवळ हात नेऊन दाखवला. तेव्हाही मी मान हलवली का नाई लागत.

ती गेल्यावरही लावला नाई. पूर होता हे खरं आहे. पण पूर नसता तरी मी लावला नसता. तुह्या लग्नाचं मले बाजारात कळलं होतं, मासोळी तोलताना, एका गिऱ्हाईकाच्या तोंडून. मले वाटलं, तुलेही हे असंच बाहेरून कळावं. असं वाटलं मले. बायको समोर मरून राह्यली होती अन् मी हिशेब चुकता करत होतो.

तुले बाहेरूनच कळलं अन् सहाव्या दिवशी पाणी उतरल्यावर तू आली. अंगणात उभी राह्यली. विचारलं, "बाबा, फोन लावला होता का?" मी म्हटलं, "हाव, दहा वेळा." तू पर्समधून फोन काढला, पाह्यला अन् परत ठेवला. मले तेव्हाच समजलं का तुले समजलं. तू पाणी न पिता गेली.

माफ कर असं लिहाले मले तोंड नाई. लिहून राह्यलो तरी. माफ कर.

अन् ये. आता साफ लिहितो. जूनमध्ये पर्लकोटा नदी चढली का रस्ता बंद होईल, मंग तिकडून निघता येणार नाई. इथी दवाखाना जवळ आहे. सोमारी अंग चोळाले येईन म्हणते. मी भात चांगला करतो आता, तलावातले झिंगेही करतो. बिरजूलेही आण. त्याले अंगणात उभा नाई ठेवणार, घरात बोलवीन. मले एकट्यानं राह्यवत नाई, पायल. शटर उघडून त्या फ्रिजजवळ खुर्ची टाकून बसतो. घरघर चालू असते तेवढंच बरं वाटते.

बाप


आरमोरी, ९ जून

पायल,

बिरजू आला होता. तुले तो घरी पोचून सारं सांगंलच, तरी माह्याकडून लिहितो.

मोटारसायकलचा आवाज आला तसा मी धावत निघालो. मागची सीट पाह्यली. मागं तू नव्हती, थर्माकोलची पेटी बांधलेली होती. पहाटे चारले निघालो म्हणे. अंग सारं धुळीनं लाल. दारात थबकला. मी म्हटलं, "आत ये बापू." तो वाकला अन् सासऱ्याले म्हणते तसं पहिल्यांदा मले "मामा" म्हणाला. मी पाणी दिलं. भात अन् झिंगे वाढले. खाली मान घालून जेवला अन् आपली थाळी आपण धुतली. मी नको नको म्हणत होतो.

मंग म्हणे, "मामा, ती येत नाई. तिकडंच करते म्हणे बाळंतपण. दवाखान्यात तिच्या साऱ्या ओळखीच्या आहे. माही माय पण आहे, बुधरीबाई. तुमी काळजी नका करू."

मी म्हटलं, "बरं."

"मासोळ्या न्याले पाठवलं मले."

मले एकदम हुरूप आला. मी शटर वर करून डीप फ्रीजरचं झाकण उघडाले गेलो. तो मागून म्हणे, "मामा, ती नाई. ती म्हणे, मायनं ठेवलेल्या तेवढ्याच आण. गॅरेजमधली राहू दे."

झाकण मी हळूच लावलं.

मायच्या तिन्ही काढल्या. लुगड्याचं फडकं डब्ब्याले चिकटलं होतं, कोमट पाणी टाकून सोडवलं. सोमारीनं बर्फ आणून दिला. मी बिरजूले म्हटलं, "हे जुनं आहे, तिले या दिवसात खाऊ देऊ नको." तो म्हणे, "खाले नाई मागवल्या. ती एकदा आपल्या हातानं सोडून पाहीन म्हणे. मंग संगमावर जाऊन नदीत सोडू आमी दोघं." मी म्हटलं, हाव, हे चांगलं आहे. दोरा मी तसाच ठेवला आहे, तुह्या मायच्याच हातची गाठ आहे. तूच सोडजो.

घरचा फ्रिज आता रिकामा आहे. भैयाजी म्हणते, आता तो दुसरा विकून टाक, कशाले लाईट जाळतो? मी त्याले घराबाहेर काढलं. संध्याकाळी परत आला, चहा घेऊन गेला.

बिरजू निघाला तेव्हा मी विचारलं, "अजून काही म्हणे का ती?" तो किक मारता मारता थांबला. त्याले सांगावं का नाई समजत नव्हतं. पोरगा सरळ आहे, खोटं बोलता येत नाई त्याले. म्हणे, "म्हणे मामा, बाळ झालं का मी स्वतः बाबाले फोन लावीन. पूर असला तरी लावीन, लागेपर्यंत लावीन. मी बाबासारखी नाई, असं सांग म्हणे."

मले राग नाई आला. त्यानं गाडी चालू केली, मी हात वर केला अन् तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभा राह्यलो. बाजूच्या बायका पाहून राह्यल्या होत्या, पाहू दे.

मी भैयाजीकडून फोनची घंटी मोठी करून घेतली आहे. तलावावर जात नाई, बाजारात जात नाई. न्हाणीतही फोन नेतो, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून. तू लाव, पायल. मी पहिल्या घंटीले उचलीन.

तुहा बाप,
मनसाराम